ॲपलबी गावात ॲपलबी नाही

भानुदास बोरगावकरांचा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्यांना पगार मिळायचा तो त्याच गुणाचा.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत ते आलेला माल तपासायचे. व्हॉल्व्ह, फ्लँज, पाइपांचे सांधे असला माल. खोक्यावर जर्मनी लिहिलेलं असायचं, सोबत शिक्क्यासकट ओरिजिनचं सर्टिफिकेट असायचं, आणि भानुदास या दोन्हींकडे ढुंकूनही न बघता व्हॉल्व्ह उपडा करायचे. ओतकामाची खूण बघायचे, लेबल नखाने खरवडायचे. खाली दुसरं लेबल निघालं की त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरायचा, तो त्यांच्या बायकोने, लतिकाबाईंनी, लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. "माल वाईट असला तर चालेल एक वेळ," ते म्हणायचे, "पण कुठला ते खोटं सांगितलं की माझं डोकं फिरतं."

हा गुण ऑफिसात ठेवून घरी यावं, तर तेही नाही. अजमानच्या नुऐमियात त्यांचं घर होतं. खालच्या बेकरीतला पठाण खुबूसच्या रोट्या देताना "हबीबी" म्हणायचा, त्याच्यावरही त्यांचा संशय. जो माणूस सगळ्यांना हबीबी म्हणतो त्याचं खरं प्रेम कुणावर असणार? दुधाच्या बाटलीवरची तारीख ते दोनदा वाचायचे. टॅक्सीवाल्याने सरळ रस्ता घेतला तर हा सरळ का घेतोय असं त्यांच्या मनात यायचं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. यांना ती कावीळ तीस वर्षं मुरलेली होती.

आणि ती का मुरली, हेही समजण्यासारखं होतं. बार्शीचा हा मुलगा, सोलापुरातून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन शारजात आला तेव्हा ज्या एजंटने पाठवला होता त्याने सांगितलेली कंपनीच अस्तित्वात नव्हती. दुधाने तोंड पोळलं ते असं. मग ताक फुंकून पिता पिता माणूस अठ्ठावन्नचा झाला. मधल्या काळात लतिकाबाई आल्या, अजमानमध्येच शर्वाणी जन्मली, शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली. आता ती दुबईला एका क्लिनिकमध्ये होती. तिथल्याच ऊद मेथा भागात मैत्रिणीबरोबर राहायची आणि शनिवारी घरी जेवायला यायची. भानुदासांचा आठवडा त्या शनिवारसाठीच असायचा. हे ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण शुक्रवारी संध्याकाळपासून त्यांची शिट्टी सुरू व्हायची.

अशाच एका शनिवारी वरण-भातावर तूप वाढून होताच शर्वाणी म्हणाली, "बाबा, मला लग्न करायचंय. त्याचं नाव मार्टिन. मार्टिन ॲपलबी. ही इज ब्रिटिश. सायन्स शिकवतो शाळेत."

लतिकाबाईंच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. दुसरा एखादा बाप ओरडला असता, किंवा उठून आत गेला असता. भानुदासांनी घास गिळला आणि विचारलं, "ॲपलबी म्हणजे कुठले?"

हसू नका. आपल्याकडे ही रीतच आहे. आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की तिथला कुणीतरी ओळखीचा निघतो, आणि दोन-तीन फोन झाले की मुलाच्या आजोबांनी कुठल्या भावाशी भांडण केलं इथपर्यंत सगळं हाती येतं. वर आपण कुणाला जात विचारली नाही असंही म्हणता येतं. भानुदासांनी या पद्धतीने दुबईच्या मराठी मंडळातल्या अर्ध्या पोरांची स्थळं तपासून दिली होती. दोन फिसकटवलीही होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"इंग्लंडचे, बाबा."

"इंग्लंड मोठं आहे."

शर्वाणीने ताट बाजूला सारलं. "नोव्हेंबरमध्ये अबू धाबीला सिव्हिल मॅरेज करणार आहोत. तुम्ही तिथे उभं राहावं असं मला वाटतं. आय रिअली वॉन्ट दॅट. पण तुम्ही नाही आलात तरी मी करणार. फक्त मग दर शनिवारी इथे येऊन सगळं ठीक असल्याचं नाटक मला नाही जमणार. मी यायचं बंद करेन."

भानुदासांना आपली मुलगी माहीत होती. तिने धमकी कधी दिली नव्हती. जे करणार तेच ती बोलायची, आणि हा स्वभाव तिने त्यांच्याचकडून उचलला होता. "आण त्याला," ते म्हणाले. "बघू तरी."

मार्टिन आला. उंच, सडपातळ, उन्हाने नाक लाल झालेला. फुटबॉल खेळताना गुडघा दुखावला आणि तो शर्वाणीच्या क्लिनिकमध्ये पोचला, अशी हकीकत होती. चालताना तो किंचित लंगडत होता. गुडघा खरंच दुखतोय की सहानुभूती मिळवायला, हे बघण्यासाठी भानुदासांनी त्याला मुद्दाम दोनदा सोफ्यावरून उठवलं. त्याने दारातच बूट काढले. न सांगता काढले, म्हणजे कुणीतरी पढवून पाठवलंय. त्याने खजुराचा डबा आणला. अजमानमध्ये राहणाऱ्या माणसाला खजूर आणतो, म्हणजे विचार करून आणलेला नाही. पुरणपोळी त्याने हाताने खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. लतिकाबाई तिथेच विरघळल्या. भानुदासांनी मात्र मनात नोंद केली, की इतका बिनचूक माणूस कुठे असतो का?

जेवणं झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मूळ गाव कुठलं तुमचं?"

"मी डार्लिंग्टनला वाढलो. इंग्लंडच्या उत्तरेला आहे ते."

"वाढलात ते झालं. मूळ?"

मार्टिनने शर्वाणीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. तो म्हणाला, "आडनाव गावावरून आलंय. ॲपलबी. त्यातलं शेवटचं 'बी' म्हणजे वस्ती. हजारेक वर्षांपूर्वी तिकडे डेन्मार्ककडचे लोक येऊन राहिले, त्यांचा शब्द. सफरचंदाची झाडं असलेली वस्ती, इतकाच त्याचा अर्थ."

"म्हणजे आपलं बोरगावच की!" लतिकाबाई आनंदाने म्हणाल्या.

"बोराची आणि सफरचंदाची काय बरोबरी?" भानुदासांनी त्यांना गप्प केलं. "बरं. गावात घर आहे?"

"नाही."

"शेत? जमीन? चर्चमध्ये काही मान वगैरे?"

"नाही, सर. मी कधी गेलोच नाही तिथे. खरं सांगायचं तर ॲपलबी नावाची तीन-चार गावं आहेत. आमचं त्यातलं कुठलं, ते नक्की ठाऊक नाही."

भानुदास मागे टेकले. नखाखाली लेबलाचा कोपरा आल्यासारखं त्यांना वाटलं.

तो गेल्यावर ते घरभर फिरत राहिले. "स्वतःचं गाव माहीत नाही! लग्नाला उभा राहिलेला माणूस, आणि म्हणतो, तीन-चार आहेत, त्यातलं एखादं असेल. तीन-चार बायका आहेत त्यातली एखादी माझी असेल, असंही म्हणेल उद्या."

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात," लतिकाबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या.

"तो ऋषी नाहीये. सायन्स टीचर आहे."

आता फोन लावायचा तो कुणाला? दुबईतल्या मंडळात नागपूरपासून सावंतवाडीपर्यंतची माणसं होती, पण ॲपलबीचं कुणी नव्हतं. मग त्यांना विजयकुमार आठवला. हा लतिकाबाईंचा मावसभाऊ, इंग्लंडात लेस्टरला औषधांच्या दुकानात. भानुदासांनी नकाशा काढला तर लेस्टरपासून गाडीने जाऊन येण्यासारखं एक ॲपलबी निघालं. दैवच आपल्या बाजूने आहे असं त्यांना वाटलं. ते आपल्याला हवं तेच ॲपलबी आहे का, हा प्रश्न इतक्या संशयी माणसाच्या डोक्यात आला नाही. आपल्याला पाहिजे तो पुरावा मिळत असला की संशय बाजूला बसतो, हे असं अनेकांचं होतं.

विजयकुमार भला माणूस. रविवारी बायकोला घेऊन सहलीला जावं तसा गेला आणि तिथूनच त्याने व्हिडिओ कॉल लावला. मागे दगडी चर्च, हिरवं गवत, पावसाची भुरभुर. "दाजी, कबरी बघितल्या, जेवढ्या वाचता आल्या तेवढ्या. पबमध्ये विचारलं. दुकानात विचारलं. या नावाचं इथे कुणी नाही. दुकानातल्या बाईंनी उलट मलाच विचारलं, तू कुठला म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"लेस्टरचा म्हटलं. आणखी काय सांगणार?"

भानुदासांनी फोन ठेवला. जर्मन व्हॉल्व्हच्या पोटात दुसऱ्याच देशाची खूण सापडली की ते जसे शांत व्हायचे, तसे शांत झाले. बोरगावचा म्हणवणारा माणूस बोरगावात कुणालाच माहीत नसेल तर त्याला आपण काय म्हणू? तोतया. यानेही नाव बदललेलं असणार. कशासाठी बदलतात नावं? आधीचं लग्न असेल. पोलिसांचं काही असेल. परदेशातून परदेशात आलेला माणूस म्हणजे मागचं सगळं पुसून आलेला. इथे प्रत्येकाच्या हातात स्वतःनेच छापलेलं लेबल असतं. त्यांनी स्वतः तीस वर्षं तेच तर पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी दोघांनाही बोलावलं. चहा यायच्या आतच मुद्द्याला हात घातला. "मिस्टर ॲपलबी, माझा माणूस ॲपलबीला जाऊन आला. तिथे तुमच्या नावाचं एकही घर नाही. कबरसुद्धा नाही."

मार्टिन गडबडेल, घाम पुसेल, असा भानुदासांचा अंदाज होता. मार्टिन हसला. मग भानुदासांचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं.

"नसणारच, सर. ॲपलबी गावात ॲपलबी कशाला असेल? तिथे सगळेच ॲपलबीचे. एकमेकांना त्या नावाने हाक मारून उपयोग काय? तिथे लोक एकमेकांना लोहार म्हणतील, टेकडीवरचा म्हणतील, अमक्याचा मुलगा म्हणतील. नाव पडतं ते गाव सोडल्यावर. कुणीतरी जॉन सात-आठशे वर्षांपूर्वी कामधंद्यासाठी निघाला, दुसऱ्या गावात पोचला, तिथे आधीच दोन जॉन होते. मग लोक म्हणाले, हा ॲपलबीहून आलेला जॉन. करवसुलीच्या कारकुनानेही तेच लिहून घेतलं. पोरांना ते चिकटलं. माझ्या वडिलांना या सगळ्याचा नाद होता. ते म्हणायचे, आपलं आडनाव म्हणजे आपण कुठले आहोत याची खूण नाही, कुठून निघालो त्याची आहे."

"म्हणजे परतच गेला नाही तो?"

"परत गेला असता तर नावच राहिलं नसतं."

भानुदासांना हा खुलासा फार गुळगुळीत वाटला. "छान. सोयीचं आहे. म्हणजे कुणी कधी तपासूच शकत नाही."

तेवढ्यात लतिकाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी अगदी साध्या मनाने विचारलं, "अहो, पण आपलं तरी बोरगाव कुठलं?"

"वाळव्याचं," भानुदास म्हणाले.

"तुमच्या वडिलांनी माझ्या बाबांना साताऱ्याजवळचं सांगितलं होतं. लग्न ठरताना."

"त्यांची चूक झाली असेल."

"आणि तुमची बार्शीची आत्या म्हणायची, आपलं बोरगाव माढ्याकडं."

मार्टिन कपात बघत राहिला. शर्वाणी मात्र थट्टेच्या मनःस्थितीत नव्हती. "बाबा, तुम्ही माणूस पाठवलात? त्याच्यामागे? लाइक अ क्रिमिनल?"

"अगं, चौकशी करतात. सगळेच करतात."

"मी सांगितलं ना तो कसा आहे. माझ्यावर नाही तुमचा विश्वास. मलाही उलटं करून बघा ना एकदा, कुठे खूण आहे का!" ती उठली, पर्स घेतली. मार्टिन दारात बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि ती धड बांधून व्हायच्या आतच तिच्यामागे गेला.

पुढच्या शनिवारी शर्वाणी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लतिकाबाईंना रोज तिचा फोन यायचा, पण भानुदासांनी हात पुढे केला की फोन संपलेला असायचा. भानुदास ऑफिसात इतके चिडचिडे झाले की एकदा त्यांनी खऱ्याखुऱ्या जर्मन मालाचं आख्खं खोकं परत पाठवलं. घरी ते टीव्ही लावून बंद करायचे. ताटात वरण-भात थंड व्हायचा. मुलगी गेली, असं त्यांच्या मनात यायचं, आणि मग ते स्वतःलाच रागावायचे, की असं अभद्र काय बोलायचं.

पण हट्ट सुटला नव्हता. त्यांनी ठरवलं, की आधी आपलं बोरगाव पक्कं करायचं. आपली बाजू चोख असली की मग त्या पोराशी बोलायला तोंड राहील. मंडळातल्या रामचंद्र नावाच्या एका सांगलीच्या माणसाकडून त्यांनी नंबर मिळवला आणि वाळव्याकडच्या बोरगावात फोन लावला. ग्रामपंचायतीतल्या कुणीतरी उचलला.

"नमस्कार, मी दुबईहून भानुदास बोरगावकर बोलतोय. आमची तिथे भावकी असेल. बोरगावकरांची."

"बोरगावकर? हितं बोरगावकर नाही कोण. पाटील हायती, शिंदे हायती, जाधव हायती. तुमचं काम काय हाय?"

"काम काही नाही. फक्त मूळ..."

"जमिनीचं हाय का?"

"छे छे, जमिनीचं नाही हो."

"मग एवढ्या लांबनं फोन कशापायी? हे बघा, जमिनीचं काय असलं तर कोर्टात जावा. आम्ही कोणाला वळखत नाही." फोन बंद.

साताऱ्याकडच्या बोरगावातही तसंच. तिथल्या बाई गोड बोलल्या, पण नाव नाही म्हणाल्या, आणि तुम्हाला माझा नंबर कुणी दिला हे दोनदा विचारलं. माढ्याकडच्या माणसाने तर सरळच विचारलं, की तुम्ही बोरगावकर आहात हे कशावरून?

भानुदास फोन हातात घेऊन गॅलरीत उभे राहिले. खाली पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. आपण बोरगावकर आहोत हे कशावरून? पासपोर्टवर आहे. त्याआधी शाळेच्या दाखल्यावर आहे. त्याआधी कुणीतरी, कुठल्यातरी बोरगावातून, कशासाठी तरी निघालं होतं आणि बार्शीला जाऊन टेकलं होतं, एवढंच. बार्शीच्या लोकांनी त्याला बोरगावकर म्हटलं. परत गेला असता तर नाव राहिलं नसतं. त्या पोराने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं त्यांच्या घरात निघालं होतं, आणि आता त्यांना खरवडायला काही उरलं नव्हतं.

लतिकाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नुसतं विचारलं, "काय झालं?"

"अगं, तो खोटं बोलतोय असं मला वाटलंच नव्हतं," भानुदास म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की हे खरं आहे. "मला भीती वाटली गं. ज्याला स्वतःचं गाव नाही, तो कुठेही जाईल. हिला घेऊन जाईल. दोन वर्षांनी मी साठचा होणार, कंपनी म्हणणार खलास, व्हिसा संपणार. आपण बार्शीला जायचं का पुण्याला, ते मला माहीत नाही. ती भलतीकडे. मग ती घरी जाते म्हणून निघेल, तर कुठे येईल?"

लतिकाबाईंनी शर्वाणीला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"बाबा?"

"शर्वाणी, चूक झाली माझी. मार्टिनला सांग."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्याची आई येतेय फ्रायडेला. डिनर आहे, ऊद मेथाला. येणार?"

"येतो."

"बाबा, ती पण तुमच्यासारखीच आहे. जस्ट वॉर्निंग यू."

मार्टिनची आई खरोखरच तशीच निघाली. ताठ बसणारी, पिकल्या केसांची, शाळेत मुख्याध्यापिका होती असं कळलं. रेस्टॉरंटात तिने पाण्याची बाटली उघडण्याआधी झाकणाचं सील बघितलं, तेव्हा भानुदासांना पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. थाळी आली. ती प्रत्येक वाटीत काय आहे ते विचारून घेत होती आणि मिळालेल्या उत्तरावर तिचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. मधूनमधून ती शर्वाणीकडे बघायची. ती नजर भानुदासांच्या चांगली ओळखीची होती. माल उपडा करायच्या आधी ते तसेच बघायचे. आपल्या मुलीकडे कुणी असं बघावं, याचा त्यांना राग आला. आणि त्या रागातच मार्टिन त्या दिवशी सोफ्यावर कसा बसला होता, तेही त्यांना दिसलं.

"मार्टिन सांगतो, लग्नानंतर जूनमध्ये हे दोघं डार्लिंग्टनला येणार कायमचे राहायला," ती म्हणाली. "तिकडे लोक विचारतील, हिचे लोक कुठले. मला काहीतरी सांगावं लागेल. मार्टिनने मला गावाचं एक लांबलचक नाव सांगितलं, पण शर्वाणी म्हणते की तिने ते गाव पाहिलेलंच नाही. मला ते जरा विचित्र वाटलं. तर तुम्ही मला सांगा, मिस्टर बोरगावकर. तुम्ही नक्की कुठले?"

शर्वाणीने हातातला पुरीचा तुकडा खाली ठेवला. "आय टोल्ड यू, मार्गारेट. अजमान."

"हो, पण ते इथलं गाव झालं. तुम्ही लोक इथले नाही."

भानुदासांकडे तीस वर्षं घोटलेलं उत्तर होतं. इंडिया, महाराष्ट्र, बोरगाव. ते त्यांनी इमिग्रेशनला दिलं होतं, शाळेत दिलं होतं, मंडळात दिलं होतं, आणि शर्वाणीकडूनही लहानपणी पाठ करून घेतलं होतं. समोर मुलगी मान खाली घालून बसली होती. तिलाही तेच उत्तर अपेक्षित होतं, हे त्यांना दिसलं.

"ती बरोबर सांगते," भानुदास त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. "ती अजमानची आहे. तिथे जन्मली, तिथे चालायला शिकली. दुसरं गाव तिला नाही. आम्ही तिला एक नाव दिलं, पण ते गाव मीसुद्धा पाहिलेलं नाही."

मार्गारेटने चष्मा सारखा केला. "म्हणजे मी अजमानला येऊन विचारलं, तर तिथले लोक तुम्हाला ओळखतात?"

"आज आलात तर ओळखतील. खालचा बेकरीवाला ओळखतो. मला हबीबी म्हणतो." लतिकाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "पण दोन वर्षांनी माझा व्हिसा संपेल. आम्ही जाऊ. ही तुमच्याकडे असेल. घरात दुसरं कुणीतरी राहायला येईल. बेकरीवालाही बहुतेक बदललेला असेल. त्यानंतर तुम्ही, किंवा हिची मुलं, कधी तिथे चौकशीला आलात, तर लोक सांगतील, या नावाचं इथे कुणी नाही."

त्यांनी मार्टिनकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्या आईकडे.

"तेव्हा माझी मुलगी खोटं सांगत होती, असं समजू नका. एवढंच मागणं आहे."

शर्वाणी उठली. मधे ताटं होती, वेटर ताक घेऊन उभा होता. ती सगळ्यांना ओलांडून आली आणि लहानपणी यायची तशी बापाच्या खांद्याला तोंड लावून रडली.